गालिच्यात वास्तू आणायची तर चित्र नको, सांधमोड घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत, विश्रामबागेत नवीन घर होतंय. बैठकीच्या खोलीसाठी ६ बाय ९ फुटांचा, हातानं विणलेला आणि आपल्या भागातल्या वास्तूंवरून सुचलेला गालिचा हवा आहे. एका दुकानदारानं वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाचा फोटो गालिच्यावर जसाच्या तसा उतरवून देतो म्हणून सांगितलंय. तो घ्यावा, की माणदेशातल्या घोंगडी विणणाऱ्यांकडून काही करून घेता येईल? पिवळा रंग सांगलीच्या हळदीचा चालेल का? आणि हे सगळं सांभाळायचं कसं?

गेली २८ वर्षं मी साताऱ्यात राहून गालिच्यांचे आराखडे काढते आणि विणून घेते. काही काम उत्तर प्रदेशात भदोहीकडच्या गाठीच्या मागांवर होतं, काही म्हसवड-दहिवडीकडच्या खड्डामागांवर. दोन्हीकडं हात पोळलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो फोटोचा गालिचा घेऊ नका. पहिलं कारण तुमच्या घरातली मोठी माणसंच सांगतील. देवळाचं शिखर जमिनीवर अंथरलं की त्यावर पाय पडणार. पाहुणा दाराशी अडखळेल, आजी वळसा घालून जाईल आणि वर्षभरात गालिचा गुंडाळून माळ्यावर जाईल. असे दोन गालिचे मी स्वतः माळ्यावर गेलेले पाहिलेत. देऊळ हवंच असेल तर भिंतीवर टांगायचं विणून घ्या.

दुसरं कारण मागाचं आहे. तुमच्या मोबाइलच्या साध्या फोटोत आडवे तीन-चार हजार ठिपके असतात. चौरस इंचाला ६० गाठींचा चांगला गालिचा घेतला तर इंचात जेमतेम पावणेआठ गाठी बसतात. सहा फूट रुंदीत झाल्या साडेपाचशे. तीन हजार ठिपक्यांचं चित्र साडेपाचशे गाठींत कोंबलं की कोरीव कामाचा चिखल होतो. दुकानदार संगणकावर जे दाखवतो ते चित्र असतं, गालिचा नव्हे.

मग ढोल्या गणपतीकडून घ्यायचं काय? १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ कृष्णेच्या घाटावर बांधलं, तेव्हा पुराचा विचार आधी केला. मागची भिंत सरळ न ठेवता नावेच्या नाळेसारखी निमुळती केली, म्हणजे पाण्याचा लोंढा तिच्यावर आदळून दुभंगतो. वाईत वाढलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं, पण फोटो सगळे समोरून काढतात. ती मागची धार, दोन्ही अंगांनी सरकत गेलेलं पाणी, खाली घाटाच्या पायऱ्या, एवढं घेतलं तर गालिचा होतो. त्यात देव पायाखाली येत नाही आणि वाईचा माणूस पाहताक्षणी ओळखतो.

हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं असं नाही. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा सांगलीच्याच एका घरासाठी मी आयर्विन पूल काढला होता. १९२९ चा पूल, ओळीनं कमानी, खाली कृष्णा. कागदावर देखणा दिसत होता. पण तो सपाट विणीत करायचा होता, म्हणजे सतरंजीसारखा, गाठी नसलेला. या विणीत दोन रंग जिथं उभ्या रेषेत एकमेकांना भिडतात तिथं प्रत्येक रंगाचा बाणा (आडवा धागा) आपापल्या हद्दीतून मागं फिरतो आणि मधे चीर राहते. इंचभराची चीर चालते. माझे खांब दीड-दीड फुटांचे होते. सहा महिन्यांत प्रत्येक खांबाच्या दोन्ही बाजूंना फटी पडल्या. त्यांत केरसुणीचे हीर अडकायचे, लहान मुलांच्या पायाची बोटं अडकायची. कमानींच्या जागी करवतीचे दाते आले ते वेगळंच. मी तो परत आणला, पैसे परत केले, आणि तेव्हापासून एक सवय लावून घेतली: मागावर चढवण्याआधी आराखडा आडवा करून बघायचा. इमारतीत जे उभं आहे ते मागावर आडवं पडलं तर खांब धोट्याबरोबर, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या नळीबरोबर, जातो, चीर राहत नाही. विणून झाल्यावर गालिचा फिरवून अंथरला की खांब पुन्हा उभे. साधी गोष्ट, पण शिकवणारं कुणी नव्हतं.

वास्तू समोरून बघण्यापेक्षा वरून बघितली तर गालिच्याला अधिक मानवते, हेही हळूहळू कळलं. ही काही माझी नवी युक्ती नाही. इराणचे जुने बाग-गालिचे म्हणजे वरून पाहिलेल्या बागेचा नकाशाच असतो: पाण्याचे पाट, वाफे, मधे हौद. जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयात सतराव्या शतकातला असा एक गालिचा आहे, जमेल तेव्हा जरूर बघा. आपल्या जवळ धारवाड जिल्ह्यात नवलगुंदच्या बायका जमखाने, म्हणजे सतरंज्या, विणतात, त्यांतही सारीपाटाचा पट असतो. आणि जमिनीवर अंथरायच्या वस्तूत जमिनीचा नकाशा असावा हे मनालाही पटतं.

आपल्याकडं यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे लिंबची बारा मोटेची विहीर. साताऱ्यापासून अर्ध्या तासावर आहे. विरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून घेतली. काठावर उभं राहून खाली बघा: अष्टकोन आहे. अष्टकोनाच्या तिरक्या बाजू ४५ अंशांच्या, आणि मागाला ४५ अंश फार आवडतात. एक घर वर, एक घर पुढं, असं मोजत गेलं की रेघ स्वच्छ निघते. गोल विहीर असती तर एवढी चांगली उतरली नसती. एक खाचखळगा मात्र आहे. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे इंचात जितके, तितकेच बाण्याचे असतील असं नसतं. ते सारखे नसले की अष्टकोन दाबला जातो आणि ताटलीसारखा दिसतो. म्हणून आधी फूटभर तुकडा विणून दोन्हीकडचे धागे मोजायचे आणि त्या मापाचे आयत आखलेला कागद करून त्यावर नकाशा काढायचा. चौकोनी आलेख कागदावर काढलेला नकाशा विणकराला देणं ही आराखडा काढणाऱ्याची चूक आहे, विणकराची नव्हे. (विहिरीचा पूर्ण आकार शिवलिंगासारखा मानतात, तेव्हा अष्टकोनच घ्या, पुढचा भाग सोडा.)

आता तुमच्या प्रश्नाचा जो भाग मला मनापासून आवडला त्याकडं येते. घोंगडी विणणाऱ्यांकडून करून घेता येईल का? येईल. पण त्यांच्याकडं भदोहीचा गालिचा मागायला जाऊ नका.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यात दख्खनी मेंढी आहे. तिची लोकर राठ आणि बहुतेक काळी. सनगर आणि खुटेकर धनगर या समाजांतली माणसं ती विणतात. घोंगडं अंगावर घ्यायचं, पावसात खोळ करून डोक्यावरून ओढायचं. अंथरायचं जाड विणलेलं असतं त्याला जेन म्हणतात. तुम्हाला हवं ते जेनाच्या घराण्यातलं. राठ लोकर अंगाला टोचते, पण पायाखाली तोच तिचा गुण आहे. ती चेपत नाही.

म्हसवडजवळच्या ज्या विणकर मामांकडं मी जाते त्यांच्या पडवीत माग जमिनीत आहे. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, ताण्याचे धागे वर-खाली करणाऱ्या पावड्या पायाखाली. अंगणात ताणा पसरलेला असतो आणि त्याला चिंचोके वाटून शिजवलेली खळ कुंच्यानं लावतात. एकदा, दोनदा, धागा तारेसारखा ताठ होईपर्यंत. हातानं कातलेल्या राठ लोकरीचे तंतू सुटे असतात, खळीशिवाय ते फणीत तुटतात. आणि खळ वाळायला ऊन लागतं. म्हणून आषाढ-श्रावणात काम मागितलं तर मामा 'बघू' म्हणतात, आणि त्यांचं 'बघू' म्हणजे दसऱ्यानंतर. हे गृहीत धरूनच वास्तुशांतीची तारीख ठरवा.

धोट्यानं विणताना पन्हाभर, म्हणजे मागाच्या पूर्ण रुंदीत, एकच रंग जातो. म्हणजे निघतात ते पट्टे. ठोकळे, कमानी, फुलं हवी असतील तर प्रत्येक रंगाची लडी वेगळी हातानं घालावी लागते, आणि ज्या हातांना पट्ट्यांची लय आहे त्यांना ते जाच होतं. दुसरी अडचण पन्ह्याची. खड्डामागाचा पन्हा साधारण तीन फुटांचा. तुमचा सहा फुटी गालिचा एका पन्ह्यात होणार नाही, पट्ट्या जोडाव्या लागणार. दोन पट्ट्या वेगवेगळ्या विणल्या की ठोक (बाणा फणीनं ठोकून बसवणं) कमी-जास्त होतो आणि नऊ फुटांत दोन-चार बोटांचा फरक पडतो. डावीकडचा पट्टा उजवीकडच्या पट्ट्याला भिडत नाही. माझी चार वर्षं ते भिडवण्याच्या खटपटीत गेली. मामांना मी मोजपट्टी दिली, खुणेचा दोरा दिला, चिडचिडही केली. ते शांतपणे म्हणायचे, "लोकर हाय ताई, पत्रा न्हाई."

उत्तर मिळालं वाईच्या घाटावर. डागडुजी चालली होती आणि एक वयस्क गवंडी पोरांना ओरडत होता: सांध्यावर सांधा आणू नका. सांधमोड. खालच्या थराचा सांधा जिथं आहे तिथून वरचा सांधा चार बोटं तरी सरकलेला पाहिजे, नाहीतर भिंत तिथंच उभी फाटते. थराची आडवी रेघ सलग, उभे सांधे मोडलेले. मी तिथंच पायरीवर बसून पाठकोऱ्या कागदावर आकृती काढली.

समजा, तीन फुटी दोन पट्ट्यांऐवजी दीड-दीड फुटी चार पट्ट्या विणल्या, प्रत्येक नऊ फूट लांब. प्रत्येक पट्टीत फक्त आडवे पट्टे, वेगवेगळ्या रुंदीचे: एक काळा, एक करडा, एक तपकिरी, मधे पांढऱ्या लोकरीचे दोन-तीन धागे. चारही पट्ट्या काठाला काठ लावून शिवल्या आणि गालिचा लांब बाजूनं पाहिला की शिवण म्हणजे थराची सलग रेघ, पट्टा म्हणजे चिऱ्याचा दगड आणि पांढरे धागे म्हणजे सांधा. घाटाची भिंत तयार, आणि एकही ठोकळा हातानं घातलेला नाही. जे पट्टे भिडवायला चार वर्षं झगडले ते भिडायलाच नको होते. मामांना मी एकच नियम सांगितला: शेजारच्या पट्टीचा सांधा आणि हा सांधा यांत चार बोटं अंतर ठेवा, बाकी दगड केवढा करायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग लड संपली की धोंडा संपला." आणि खरंच तसंच केलं. हातकताईच्या लोकरीत एका लडीचा काळा दुसऱ्या लडीसारखा नसतो. एरवी हा दोष म्हणून परत येणारा माल इथं प्रत्येक दगडाचा वेगळा रंग होऊन बसला. तो पहिला तुकडा मी विकलेला नाही, माझ्याच घरी आहे.

तुमच्यासाठी मी हेच सुचवीन. कृष्णाकाठचे घाट, वाडे, देवळांचे जोते काळ्या पाषाणाचे आणि मेंढीही काळी. ज्या काळ्या लोकरीला आज गिऱ्हाईक नाही, जी कातरल्यावर कित्येकदा रानातच टाकून देतात, तिला न रंगवता दगडाचा रंग मिळतो. काळ्या लोकरीवर दुसरा रंग चढत नाही हा तिचा दोष सांगतात. इथं चढवायचाच नाही. लहान कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जावळ, मऊ असते. ती महाग पडते आणि पायाखाली वाया जाते, मागू नका. पांढरी लोकर दख्खनीत कमी मिळते, तेवढी बिकानेरहून आलेली घेतली तरी चालेल.

चारही पट्ट्या एकाच लांब ताण्यावर एकापाठोपाठ विणून घ्या, मग कापा. ताणा ३६ फुटांपेक्षा बराच जास्त धरा; गाठी, शेवटचा न विणता येणारा भाग आणि धुतल्यावरची आट त्यात जाते. आणि शिवण्याआधी पट्ट्या धुवून वाळवा. लोकर पहिल्या पाण्यात आटते, खळही तेव्हाच निघून जाते. आधी शिवून मग धुतलं तर शिवण ओढली जाते आणि गालिचा जमिनीवर सपाट बसत नाही.

हळदीचं. सांगलीचा माणूस हे विचारणारच. हरिपूरच्या जुन्या पेवांपासून (हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांपासून) मार्केट यार्डापर्यंत सगळं शहर या एका पिवळ्यावर उभं आहे. मीही मोहात पडले होते. हळदीत रंगवलेली लोकर पातेल्यातून काढताना जी दिसते तशी दुसरी कुठलीच दिसत नाही. पण तो रंग उन्हाला टिकत नाही. खिडकीजवळ टाकलेल्या गालिच्यातला माझा हळदी पट्टा पहिल्याच उन्हाळ्यात मळक्या पांढऱ्यावर आला, साबणाच्या पाण्यानं लाल डाग पडले ते निराळे. पिवळा हवाच असेल तर आटपाडीकडच्या डाळिंबाची साल आणि तुरटी वापरा. उजळ पिवळा येत नाही, जरा मातकट येतो, पण राहतो. लालसाठी मंजिष्ठा, निळ्यासाठी नीळ. हिरडा आणि लोखंडाचा काळा करू नका. लोखंड लोकरीला हळूहळू ठिसूळ करतं, आणि काळा तर मेंढीनंच दिलाय.

एका गालिच्यात मी रंगाऐवजी फक्त एक रेघ घातली होती, तिची आठवण सांगते. सांगलीच्या गावभागातल्या एका काकूंच्या घरात २०१९ चा पूर शिरला होता. आयर्विन पुलापाशी ४५ फूट म्हणजे धोका हे सांगलीत लहान मुलालाही माहीत असतं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. काकूंनी सांगितलं, भिंतीवर पाणी चढलं होतं तेवढी खूण गालिच्यात हवी. काळ्या-करड्या पायऱ्यांसारख्या पट्ट्यांमधून एका उंचीवर पांढरी सलग रेघ आडवी नेली, चारही पट्ट्यांतून, आणि ही एकच रेघ शिवणीवर तंतोतंत भिडवली. त्यासाठी मामांनी चौथी पट्टी दोनदा उसवली. पाहुणे विचारतात ही रेघ कसली, आणि काकू सांगतात.

गाठीचा गालिचाच हवा असेल तर वेळेचा हिशोब आधी समजून घ्या. ६ बाय ९ म्हणजे ५४ चौरस फूट, ७,७७६ चौरस इंच. चौरस इंचाला ६० गाठी धरल्या तर ४,६६,५६० गाठी. विणकरानं दिवसाला सहा हजार बांधल्या तरी एकट्याचे ७८ दिवस, वर कातरणी आणि धुलाई. कुणी तो पंधरा दिवसांत आणि स्वस्तात देतो म्हणाला तर समजा की तो टफ्टेड आहे: कापडात यंत्राच्या पिस्तुलानं लोकर घुसवलेली, मागं लॅटेक्सचा लेप, त्यावर दुसरं कापड. माझ्या एका गिऱ्हाइकाला पुण्यातल्या एका दुकानानं असाच गालिचा गाठीचा म्हणून विकला होता. सात वर्षांत मागचा लेप भुगा होऊन फरशीवर पिठासारखा पडायला लागला. टफ्टेड म्हणून घेतला तर हरकत नाही, किंमत तशी असावी. ओळखायला गालिचा उलटा करा. गाठीच्या गालिच्याची नक्षी मागूनही तितकीच स्पष्ट दिसते आणि झालर म्हणजे ताण्याचेच धागे असतात, शिवून लावलेली पट्टी नसते. लोकरीची शंका असेल तर चार तंतू जाळा: केस जळाल्याचा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे लोकर, वितळून मणी झाला तर पॉलिस्टर.

सांभाळण्याचं फार काही नाही. पहिले काही महिने तंतू गळतील, घाबरू नका. फिरत्या ब्रशचा व्हॅक्यूम लावू नका, नुसता ओढणारा चालतो. सांडलं तर टिपून घ्या, घासू नका. धुवायचं ते रिठ्याच्या पाण्यात आणि थंड. खरी वैरीण म्हणजे कसर. ती उजेडात येत नाही, सोफ्याखाली दबलेल्या कोपऱ्यात लागते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी गालिचा फिरवून घाला आणि पावसाळा संपला की उलटा करून उन्हात झोडा. ठेवून द्यायचा असेल तर प्लॅस्टिकमध्ये कधीच नाही; जुन्या सुती साडीत गुंडाळा, आत वेखंडाची पूड टाका.

सुरुवात करायची तर दसऱ्याच्या आसपास माणदेशात एक फेरी मारा, लोकर हातात घेऊन बघा, घरातल्यांच्या पायाला टोचते का तेही बघा. मग पूर्ण कामाआधी फूटभराचा एक नमुना विणून घ्या, रंगवलेली लोकर वापरणार असाल तर तीही त्यात घाला. त्याचे पैसे वेगळे द्या आणि ते मागायला लावू नका. नमुन्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याखाली झाका आणि भरपूर ऊन येणाऱ्या खिडकीत महिनाभर ठेवा. महिन्यानं पुठ्ठा काढून दोन्ही अर्धे शेजारी शेजारी बघा, आणि बाकीची लोकर त्यानंतरच रंगवायला टाका.